जुना राउटर टेबलाखाली बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) मशीन मेन्टेनन्समध्ये नोकरी झाली. आता दांडिया बाजारातल्या घराच्या पडवीत जुनी लाकूडकामाची यंत्रं उघडून बसतो. राउटर म्हणजे लाकडाला खाचा पाडणारं आणि कडा घडवणारं हातातलं यंत्र. ते टेबलाखाली उलटं टांगलं की राउटर टेबल. ते करायचं म्हटलं की सगळ्यांना आधी टेबलाची घाई असते. टेबल कसलंही चालतं, जुन्या दाराच्या फळीचंसुद्धा. पैसे आणि डोकं घालायचं ते कोलेट (बिट, म्हणजे कापणारं पातं, धरणारी नळी), बेअरिंग आणि स्विच या तीन ठिकाणी. खालचे प्रश्न रात्री दहानंतर फोटोसकट येणाऱ्या मेसेजांमधले आहेत. तेच तेच पुन्हा लिहायला नको म्हणून उत्तरांत इकडचा-तिकडचा क्रमांक दिला आहे, तेवढा बघून घ्या.

१. हातात धरून राउटर चालतोच की. मग टेबल कशाला?

दोन इंच रुंदीच्या पट्टीवर राउटर ठेवून बघा, म्हणजे कळेल. बूड टेकायला जागाच नसते, यंत्र डुलतं आणि कड खाल्ली जाते. टेबलात राउटर उलटा टांगलेला असतो, बिट भोकातून वर येतं आणि आपण लाकूड सरकवतो. बीडिंग, खाचा, शटरच्या चौकटीचे सांधे, एकसारख्या पन्नास पट्ट्या, ही टेबलाची कामं. मोठं दार किंवा जागेवर बसलेला ओटा असेल तर मात्र राउटरच लाकडाकडे न्यायचा.

२. माझा राउटर पंधरा-वीस वर्षांचा आहे. टेबलासाठी लायक आहे का, घरच्या घरी कसं बघू?

आधी प्लग काढा. कोलेटचा नट बोटांत धरून आडवा हलवा. जरा जरी 'टुक-टुक' लागलं तर बेअरिंग गेलं (प्रश्न ५). मग शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. वाळूत फिरतोय असं वाटलं तरी तेच. कार्बनची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कांड्यांची) झाकणं उघडून कार्बन किती उरलेत ते बघा (प्रश्न ६). वायर जिथे यंत्रात शिरते तिथे वाकवून बघा, जुनं रबर तिथेच तडकतं.

एवढं झालं की कोलेट-नट काढून ठेवा आणि बिट न लावता एक मिनिट चालवा. बंद केल्यावर कान द्या. धडधाकट मोटर हळूहळू सुस्कारा सोडत थांबते. घरघरत झटकन थांबली तर आत काहीतरी घासतंय. वासही घ्या. धुळीचा वास चालेल, जळक्या वार्निशचा नको.

ताकदीचं म्हणाल तर कायम टेबलात बसवायला १५०० वॉटच्या आसपासचा, १२ मिमी किंवा अर्धा इंच कोलेटचा राउटर उत्तम. ट्रिमर (छोटा राउटर) कडा गोल करण्यापुरता टेबलात बसवता येतो, पण त्याच्याकडून दाराच्या चौकटी करून घेऊ नका.

३. काम करता करता बिट आपोआप वर येतं. नट कितीही आवळला तरी तेच. काय करू?

नट अजून आवळणं हा उपाय नाही. कोलेट म्हणजे चिरा पाडलेली एक शंकूच्या आकाराची नळी. ती शाफ्टच्या शंकूत दाबली जाते आणि बिटाला चहूबाजूंनी धरते. त्या चिरांत सागाचा चीक आणि भुसा भाजून काळा थर होतो, मग पकड दोन-तीन ठिकाणीच उरते. कोलेट काढा, थिनरमध्ये अर्धा तास ठेवा, पितळी ब्रशने आतून-बाहेरून घासा. शाफ्टचा शंकूही कापडाने पुसा. तेल लावू नका. गंज लागू नये म्हणून तेल लावलेला कोलेट मी पाहिला आहे, त्याचं बिट पहिल्याच खाचेत सुटलं होतं.

साफ करून भागलं नाही तर उजेडात धरून बघा. आतून घंटेसारखा उघडला असेल, चिरेच्या टोकाला तडा असेल किंवा बिटाच्या दांड्यावर निळसर-तपकिरी वळी दिसत असतील, तर कोलेट बदला. तो झिजणारा भाग आहे, बुटाच्या टाचेसारखा.

बिट लावताना तळाला टेकेपर्यंत आत घाला आणि मग दोन-तीन मिमी बाहेर ओढा. तळाला टेकलेलं बिट नट आवळताना खाली सरकू शकत नाही, आणि पकड खोटी बसते. काही कोलेट सोडताना नट एकदा सैल होतो, परत घट्ट लागतो, मग सुटतो. ते बिघडलेलं नाही, तशीच रचना आहे.

४. कोलेट अर्ध्या इंचाचा आहे, बिट १२ मिमीचं मिळालं. शून्य पॉइंट सात मिमीचाच तर फरक आहे. चालेल ना?

नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. तेवढं अंतर कोलेटला मिटवता येत नाही. मिटल्यासारखं वाटलं तरी तो बिटाला फक्त तोंडाशी धरतो आणि मिनिटाला बावीस हजार फेऱ्यांना बिट डुलायला लागतं. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) यांचंही तसंच. पत्र्याची गुंडाळी घालून 'बसवून देणारे' भेटतात, त्यांना नमस्कार करून निघा. दुकानात व्हर्निअर घेऊन जा. बिटांच्या डब्यावर एक लिहिलेलं असतं आणि आत दुसरं निघतं.

५. बेअरिंग कुठलं घालायचं? दुकानदार म्हणतो धूळ जाऊ नये म्हणून रबर सीलचं घ्या.

नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. तो वाचा, अंदाजाने नेऊ नका. अडचण नंबराच्या पुढच्या अक्षरांत असते. 'झेडझेड' म्हणजे दोन्हीकडे पत्र्याची झाकणं, ती आतल्या रिंगला टेकत नाहीत. 'टू-आरएस' किंवा 'डीडीयू' म्हणजे टेकणारं रबर सील. ते धूळ छान अडवतं, पण घासतं, म्हणून त्याची वेगमर्यादा बरीच कमी असते. उदाहरणार्थ ६२०२ नंबरचं (आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिमी) बेअरिंग पत्र्याच्या झाकणात साधारण बावीस हजारांपर्यंत चालतं, टेकणाऱ्या सीलमध्ये तेरा हजारांच्या आसपासच. तुमचा राउटर बावीस-तेवीस हजारांचा असेल तर ते सील भाजून निघेल.

मधला मार्ग आहे. न टेकणारं रबर सील असतं, कंपनीप्रमाणे त्याला 'व्हीव्ही', 'एलएलबी' किंवा 'आरझेड' म्हणतात. टेबलात राउटर उलटा असल्यामुळे भुसा थेट कोलेटकडच्या बेअरिंगवर पडतो, तिथे हेच मागा. मागच्या छोट्या बेअरिंगला झेडझेड पुरतं.

बसवताना जोर कुठे द्यायचा ते सांभाळा. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर, यंत्रातल्या त्याच्या खोबणीत बसवताना बाहेरच्या रिंगवर. मापाचा पाइपचा तुकडा आणि व्हाइस एवढ्यात काम होतं. हातोडीने बाहेरची रिंग ठोकून शाफ्टवर चढवलेलं नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं आणि मग दोष बिचाऱ्या दुकानदाराला. जुनं काढायला पुलर वापरा.

बदलल्यावर कोलेटमध्ये एक सरळ, ग्राइंड केलेली सळई धरा आणि हाताने फिरवून डायल गेज (ती किती डुलते ते मोजणारं घड्याळ) लावा. तोंडाजवळ ०.०५ मिमीच्या आत आलं की बास. शाफ्टवर बेअरिंगची जागाच झिजली असेल तर टर्नर गाठा. बडोद्यात त्यासाठी पायपीट नाही. सयाजीरावांनी १८९० साली तंत्रशिक्षणाचं कलाभवन काढलेलं गाव आहे हे, आणि मकरपुऱ्यात एका गल्लीत चार लेथ भेटतील. फक्त त्याला आधी सांगा की हा भाग किती वेगाने फिरतो. नाहीतर तो पंपाच्या शाफ्टसारखं वेल्डिंग भरून देईल.

६. आत ठिणग्या दिसतात. मोटर गेली का?

ठिणग्यांचा रंग आणि जागा बघा. कार्बनच्या टोकाला बारीक निळसर चमक नेहमीचीच. कम्युटेटरभोवती (ज्यावर कार्बन घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाभोवती) पिवळी-नारिंगी रिंगण धरणारी आग असेल तर लगेच बंद करा.

पहिला संशय कार्बनवर. पाच-सहा मिमी उरला, की स्प्रिंगचा दाब कमी पडतो. दोन्ही एकदम बदला, आणि माप जुळत नसेल तर मोठा कार्बन घासून बसवता येतो, लहान मात्र चालत नाही. नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत बिट न लावता दहा-पंधरा मिनिटं चालवावे लागतात. तेवढ्यात शेव-उसळ खाऊन येऊ नका, शेजारी उभे राहा.

दुसरं, कम्युटेटर. तांब्याच्या पट्ट्यांत खोबण पडली असेल तर लेथवर अगदी हलका कट घ्यावा लागतो. त्यानंतर पट्ट्यांमधला अभ्रक हॅक-सॉच्या घासलेल्या पात्याने अर्धा-पाऊण मिमी खाली उतरवावा लागतो. हे दुसरं काम बरेच जण विसरतात, आणि मग अभ्रकावर उडणारा कार्बन पुन्हा ठिणग्या टाकतो.

दोन्ही ठीक असूनही रिंगण राहिलं तर आर्मेचरची (मोटरच्या फिरणाऱ्या भागाची) एखादी गुंडाळी शॉर्ट आहे. रिवाइंडिंगवाल्याकडे हे तपासायचा ग्राउलर असतो, तो दोन मिनिटांत सांगेल. आर्मेचर रिवाइंड करून घेतलं तर बॅलन्स करून द्याल का, हे विचाराच. 'पंख्याचं करतो तसंच करू' असं उत्तर आलं तर तयार आर्मेचर शोधा.

७. २०२४ च्या पुरात राउटर पाण्याखाली होता. आता कोरडा दिसतो. लावून बघू का?

नका. बघायचं असेल तर खोलून बघा. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी घरात आलं तेव्हा मगरींच्याच बातम्या जास्त झाल्या, पण आमच्यासारख्यांचं नुकसान चिखलाने केलं. तो पिठासारखा बारीक गाळ वाइंडिंगच्या आत जाऊन बसतो, वरून कोरडा दिसतो आणि आत ओल धरतो. माझाच एक राउटर मी दोन दिवस उन्हात ठेवून चालू केला. एक फट्ट आवाज, एक धुराची वेटोळी, आणि फील्ड कॉइल (मोटरची न फिरणारी गुंडाळी) गेली. घाई माझी, खर्चही माझा.

नीट करायचं असं: सगळं खोला. आर्मेचर आणि फील्ड स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. हो, पाण्यानेच, गाळ दुसऱ्या कशाने निघत नाही. मग खोक्यात जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून दोन-तीन दिवस सुकवा. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग आणि लोखंड यांच्यामध्ये तपासा. दोन मेगाओहमच्या खाली असेल तर पुन्हा सुकवा. बेअरिंग, स्विच, कपॅसिटर बदलूनच टाका, ते वाचवण्यात अर्थ नाही. वेग कमी-जास्त करणारं सर्किट असलेल्या राउटरचं सर्किट बहुधा गेलेलं असतं.

८. अमेरिकेतल्या मामांनी त्यांचा १२० व्होल्टचा राउटर दिलाय. सव्वातीन एचपी लिहिलंय. इथे चालेल?

बडोद्यात हा प्रश्न येणारच, घरटी एक मामा तिकडे असतो. सरळ आपल्या २३० व्होल्टला लावला तर भलत्याच वेगाने किंचाळेल आणि जळेल. ५० आणि ६० हर्ट्झचा फरक मात्र विसरा, कार्बनवाल्या मोटरला त्याचं काही नसतं.

लागतो तो खरा, गुंडाळीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पाटीवर १५ अँपिअर असेल तर १२० गुणिले १५ म्हणजे १८०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), म्हणून किमान २००० व्हीएचा घ्या. चांगला जड असतो, टेबलाच्या पायाशी ठेवला तर टेबल हलणारही नाही. प्रवासात वापरायचे हलके कन्व्हर्टर यासाठी नाहीत.

सव्वातीन एचपीवर जाऊ नका. एक एचपी ७४६ वॉट धरला तर ते २४०० वॉटच्या वर जातं, आणि यंत्र घेतंच १८००. घेतल्यापेक्षा जास्त देणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही. ती क्षणभराची कमाल ताकद असते.

९. टेबलात बसवायची प्लेट कशाची करू? ॲक्रिलिक स्वस्त पडतं.

पडतं, आणि सहा महिन्यांत मधून खालीही पडतं. पाच-सहा किलोचं यंत्र रात्रंदिवस लटकलेलं असतं, ॲक्रिलिक हळूहळू वाटीसारखं होतं. १० किंवा १२ मिमीची हायलम शीट घ्या, इलेक्ट्रिकल पॅनलवाले वापरतात तीच. किंवा ६ ते ८ मिमीचं ॲल्युमिनियम.

राउटरच्या बुडाची प्लास्टिकची चकती काढा, तिची भोकं हाच तुमचा नमुना. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने ती प्लेटवर चिकटवा आणि भोकं उतरवून घ्या. मूळ स्क्रू आता आखूड पडतात, त्याच आट्यांचे लांब आणि चपट्या डोक्याचे आणा, डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली बुडलं पाहिजे.

टेबलाच्या फळीसाठी १८ मिमीच्या दोन प्लाय चिकटवा आणि सनमायका दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलेली फळी पहिल्या पावसाळ्यात धनुष्य होते.

१०. उंची बदलायला टेबलाखाली घुसून राउटर वर ढकलावा लागतो. सोपं कसं करू?

प्लंज राउटरमध्ये, म्हणजे मोटर खाली दाबून बिट लाकडात उतरवायच्या राउटरमध्ये, दोन खांब आणि स्प्रिंगा असतात. हातात वापरताना त्या मोटरला वर उचलतात, उलटा केला की त्याच तुमच्याविरुद्ध खाली ढकलतात. टेबलासाठी त्या काढा. पूर्ण सैल केल्यावरही स्प्रिंगमध्ये दाब शिल्लक असतो, म्हणून झाकणाचा शेवटचा आटा सोडताना वर कापड दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा.

मग बुडात एक आट्यांची सळई पक्की करा आणि मोटरच्या कानाखाली नट आणि मूठ लावा. एम-१० सळईचा आटा दीड मिमीचा. एक फेरी म्हणजे दीड मिमी, पाव फेरी म्हणजे पाऊण मिमीचा निम्मा. याहून बारीक मला तरी कधी लागलं नाही. गाडीचा कैचीसारखा जॅक खाली लावणारेही आहेत, चांगला चालतो. कुठलीही पद्धत असो, उंची ठरली की राउटरचा मूळ लॉक आवळायचा. नट फक्त उचलतो, धरत नाही.

११. राउटरचा स्विच लॉक करून बोर्डाच्या बटणावरून चालू-बंद केला तर?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पावसाळ्यातली दुपार होती. लाइट गेली, म्हणून मी चहा प्यायला आत गेलो. राउटरचा स्विच लॉकच होता, बोर्डाचं बटणही चालू. टेबलावर बिटाला टेकून एक सागाची पट्टी पडली होती. लाइट आली आणि राउटर आपला आपण सुरू झाला. पट्टी खोलीभर उडून भिंतीवरच्या घड्याळात घुसली. तिथे समोर मी असतो किंवा बिट बदलत असतो तर हे पान लिहिलं नसतं.

म्हणून 'नो-व्होल्ट' स्विच लावा. लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. तयार मिळतो. नाहीतर २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर, हिरवं आणि लाल बटण आणून 'होल्डिंग' घालून दे म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगा, पाण्याच्या पंपाचे स्टार्टर करणाऱ्या कुणालाही हे येतं. लाल बटण मोठं घ्या आणि गुडघ्याने दाबता येईल अशा जागी लावा, कारण गरज लागते तेव्हा दोन्ही हात लाकडावर असतात. १५०० वॉटला साडेसहा अँपिअर लागतात, तेव्हा १६ अँपिअरच्या पॉइंटवरच जोडा. आणि बिट बदलताना एवढं सगळं असूनही प्लग काढायचा.

१२. जुन्या राउटरला एकच वेग आहे. पंख्याचा रेग्युलेटर लावून कमी करू?

पंखा ७०-८० वॉटचा, राउटर १५०० चा. रेग्युलेटर वितळेल. मोठा ट्रायॅक कंट्रोलर मिळतो, तो कार्बनवाल्या मोटरला चालतो, पण वेगाबरोबर जोरही उतरतो. राउटरमध्ये आधीच वेगाचं सर्किट असेल तर बाहेरून दुसरा अजिबात लावू नका, दोघं भांडतात.

वेग कमी करायचाच कशाला? १२ मिमीच्या बिटाची कड बावीस हजारांवर सेकंदाला साधारण १४ मीटर धावते. ७५ मिमीच्या पॅनल बिटाची कड त्याच वेगाला ८६ मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. एवढी मोठी बिटं मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांसाठीच असतात. तुमच्या राउटरला एकच वेग असेल तर माझं मत स्पष्ट आहे: २५ मिमीपर्यंतची बिटं खुशाल वापरा, मोठी विकत घेऊच नका.

१३. टेबलावर लाकूड कुठल्या बाजूने सरकवायचं? हातातल्या सवयीने उलटं होतं.

उजवीकडून डावीकडे, कारण राउटर उलटा झाला की वरून बघताना बिट घड्याळाच्या उलट फिरतं. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी फळी) बिटाच्या मागे असतो आणि बिट लाकडाला उजवीकडे ढकलतं, तुम्ही त्याच्याविरुद्ध डावीकडे नेता. हे साधं झालं.

फसवं ते असं: पट्टीची दुसरी कड तासायची म्हणून काही जण लाकूड फेन्स आणि बिट यांच्यामधून नेतात. तिथे बिट लाकडाला तुमच्याच दिशेने खेचतं, पट्टी हातातून सुटते आणि बोटं तिच्यामागे जातात. कापायची कड कायम फेन्सच्या बाजूला हवी. बिटाचा बराचसा भाग फेन्समध्ये बुडलेला असावा आणि कट दोन-तीन वेळा थोडा थोडा घ्यावा.

१४. माझ्या राउटरला दोनच पिना आहेत. अर्थिंग नाही म्हणजे धोका?

पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थ लागत नाही. ते नसेल आणि अंग धातूचं असेल तर तीन पिनांची वायर हवीच, आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटलाही अर्थ द्या. पुराचं पाणी पाहिलेल्या यंत्राला (प्रश्न ७) चिन्ह असो वा नसो, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळताच तोडणाऱ्या स्विचवर) चालवा.

१५. भुसा कसा आवरायचा?

फेन्सच्या मागे व्हॅक्यूमचा पाइप. एमडीएफ कापत असाल तर मास्कही. मोटरला बंद खोक्यात कोंडू नका, तिला थंड हवा लागते.

१६. टेबलात बसवलेला राउटर पुन्हा हातात वापरता येईल ना?

येईल, पण स्प्रिंगा परत घालूनच. त्यांच्याशिवाय प्लंज सोडला की मोटर धाडकन खाली येते आणि बिट लाकडात रुततं. म्हणून मी काढलेल्या स्प्रिंगा, आखूड स्क्रू आणि प्लास्टिकची चकती एका डब्यात घालतो, डब्यावर राउटरचा नंबर लिहितो आणि डबा त्याच टेबलाच्या पायाला बांधून ठेवतो. एकदा माळ्यावर ठेवला होता, दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेला.